सच्छिद्र पत्रे, सहा नग

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, ‘आपल्या व्यवसायातले अनुभव मोकळेपणाने लिहा.’ मोकळेपणाने म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. आमच्या गल्लीत असा समज आहे की मी सांगतो त्यातलं निम्मंच खरं धरावं. हा माझ्यावर अन्याय आहे. मी चाळीस वर्षं कोल्हापुरात, उद्यमनगरात, मुलाम्याचं दुकान चालवलं. मुलामा म्हणजे आत लोखंड, त्यावर तांब्याचा थर, त्यावर निकेलचा थर आणि वर चकाकी. माझ्या गोष्टींचंही तसंच आहे. थर मी चढवतो, नाही म्हणत नाही. पण आतलं लोखंड खरं असतं.

हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहितो. न्हाणीतल्या हौदाएवढी एक टाकी असते. तिच्यात निकेलच्या क्षाराचं हिरवंगार पाणी. एका बाजूला निकेलच्या पट्ट्या टांगायच्या, मधोमध गिऱ्हाइकाचं हँडल, नळ नाहीतर समई. मग वीज सोडायची. वीज आली की निकेल पट्टीवरून सुटतं, पाण्यातून चालत येतं आणि हँडलवर बसतं. आधी तेजाबात बुडवून गंज काढायचा, शेवटी बफच्या चाकावर घासून चमक आणायची. बुडवणं आणि टांगणं माझ्याकडे, घासणं तुकारामकडे. तुकाराम माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. बोलणं कमी, आणि चाकापुढे बसला की दुकानात वाघ आला तरी त्याला कळलं नसतं. त्याने घासलेल्या परातीत बघून शेजारचा न्हावी गिऱ्हाइकांच्या दाढ्या करायचा, आरसा त्याने विकून टाकला होता.

गिऱ्हाइकंही एकेक होती. मलकापूरच्या एका बँडवाल्याने आपला मोठा कर्णा चमकवून नेला. पुढच्याच वरातीत नवरदेवाच्या घोड्याने त्या कर्ण्यात बघितलं, त्याला समोरून दुसरा घोडा आल्यासारखं वाटलं, आणि तो नवरदेवासकट जो सुटला तो आंबा घाटात सापडला. मी स्वतः तिथे नव्हतो, पण घोडा माझ्या ओळखीचा होता. एका तालमीतला पैलवान लोखंडी गदा घेऊन आला. मुलामा झाल्यावर तो तिच्यात बघून मिशीला पीळ देत बसला, आणि तिकडे मैदानात त्याची कुस्ती पुकारून झाली. समोरचा न लढता जिंकला आणि माझ्या दुकानात पेढे घेऊन आला.

आमचा वैरी एकच, भोक. मुलाम्यात सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पावसाळ्यात तिथून गंज फुटतो आणि गिऱ्हाईक हँडल घेऊन दारात उभं. म्हणून खाली तांब्याचा जाड थर द्यायचा, भोकं बुजवायची, घासायचं आणि मगच निकेल. दुसरी एक रीत होती. दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला तारेने चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर त्या वस्तूचं दुखणं लिहायचं. ‘गंजकं हँडल.’ ‘पोचे आलेला तांब्या.’ ‘चरे पडलेली गदा.’ जे लिहिलं असेल ते घालवायचं, एवढाच आमचा कायदा.

आता मुख्य गोष्ट. पेट्रोल एकाएकी महाग झालं, त्याच्या पुढच्या एक-दोन वर्षांतली. एके दिवशी दुकानापुढे लेडीज सायकल थांबली आणि वसुधाबाई उतरल्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. पदर खोचलेला, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

“मुलामा तुम्हीच करता ना?”

“करनारे लई हायती बाई,” मी म्हणालो. “मुलामा म्हनावा असा हितंच.”

त्यांनी डबा उघडला. आत कापसात गुंडाळलेले सहा पत्रे, अर्ध्या पोस्टकार्डाएवढे. रंग राखेसारखा, आणि अंगभर बारीक बारीक भोकं, देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडासारखी. मला त्या पत्र्यांची दयाच आली.

“ह्याच्यावर निकेलचा अगदी पातळ थर हवा आहे. जपून करा हं. हे मिळवायला मला वर्ष लागलं. दुसरे मिळणार नाहीत.”

“कशाला पायजेत?”

“पाणी फोडायला.”

त्याबरोबर तुकारामने चाक बंद केलं. दुकान सुरू झाल्यापासून कामाच्या मध्यात ते चाक पहिल्यांदाच थांबलं.

बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. पाणी म्हणजे दोन वायूंची गाठ. दाहक पोटॅश घातलेल्या पाण्यात दोन पत्रे उभे करायचे आणि वीज सोडायची, की ती गाठ सुटते. एका पत्र्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, दुसऱ्यावर हायड्रोजनचे. हायड्रोजन पेट्रोलसारखा जळतो, पण जळून धूर होत नाही, परत पाणीच होतं.

“म्हंजी उद्या गाडी पान्यावर?” तुकारामने विचारलं.

“गाडी नंतर,” बाई म्हणाल्या. “आधी माझी पदवी.”

मग तेही कळलं. पीएच.डी.साठी कॉलेजने त्यांना रजा दिली होती, ती दिवाळीला संपत होती. त्याआधी पुण्याहून एक परीक्षक येऊन प्रयोग डोळ्यांनी बघणार होते. कमी विजेत जास्त वायू निघतो हे दिसलं तर काम पुढे जाणार, नाहीतर नोंदणी रद्द. “एकदा मुदत वाढवून घेतली आहे. दुसऱ्यांदा देत नाहीत,” त्या म्हणाल्या. वय बेचाळीस. सकाळी दोन मुलांचे डबे, सासूबाईंचं औषध, आणि उरलेल्या वेळात पाणी फोडणं.

त्यांना घाई होती. माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेऊन त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘सच्छिद्र पत्रे. सहा नग. निकेल.’ आणि सायकलवर बसून गेल्या.

मी चिठ्ठी तारेने डब्याला बांधली. तुकाराम लांबून बघत होता.

“काय लिवलंय?”

“सच्छिद्र.”

“म्हंजी?”

“भोकं हायती म्हनं.”

“ती दिसत्यात की. आंधळा हाय व्हय मी? करायचं काय?”

“बुजवायची.”

आता वाचकहो, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? चिठ्ठीवर दुखणं लिहिलेलं, ते मी घालवलं. आणि कसं घालवलं. ते पत्रे तांबं पीत होते, उन्हातून आलेला माणूस ताक पितो तसे. तीन समया मढल्या असत्या एवढं तांबं एकेकाने गिळलं. शेवटचं भोक बुजल्यावर तुकारामने ते असे घासले की माशी बसायला आली ती घसरून पडली. मग वरून निकेल, मग पुन्हा घासणं. दुकानाच्या दारात ते सहा पत्रे ओळीने मांडले, तर रस्त्यावरचा एक मोटारवाला डोळ्यांवर तिरीप आली म्हणून खाली उतरून भांडायला आला.

बाई आल्या. एक पत्रा उचलला. उलटसुलट करून बघितला.

“यात माझं तोंड दिसतंय,” त्या म्हणाल्या.

“दिसनारच की. केस विंचरा पायजे तर.”

“भोकं कुठे गेली?”

“बुजवली,” मी छाती काढून म्हणालो. “एक जरी ऱ्हायलं असंल तर उद्यापास्नं दुकान बंद करतो.”

बाई स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रा पदराने पुसला, पुसायची काही गरज नव्हती, आणि कापसात गुंडाळून डब्यात ठेवला. मग दुसरा. तसे सहाही.

तुकाराम चाकावरून उठून आला. “बाई, काय चुकलं का?”

“तुकारामदादा, अनारशाला जाळी पडली नाही तर तुम्ही काय म्हणता?”

“फसला म्हनतो.”

“मग हे सहाही फसले.”

मग त्यांनी, रागाचा एक शब्द न काढता, शाळेतल्या पोरांना शिकवावं तसं आम्हाला शिकवलं. पाणी फुटतं ते धातूच्या कातडीवर. कातडी जितकी जास्त तितके बुडबुडे जास्त आणि वीज कमी. सपाट पत्र्याची कातडी अर्ध्या पोस्टकार्डाएवढीच. पण जाळीदार पत्र्याच्या आतली सगळी भोकं उलगडून पसरली तर कातडी मोठ्या अंगणाएवढी होते. (मी पुढे हे सांगताना ‘रंकाळ्याएवढी’ म्हणत आलो. अंगण बाईंचं, रंकाळा माझा.) त्या जाळीवर निकेलचा काळपट थर द्यायचा, तो उत्प्रेरक. म्हणजे स्थळ जमवणाऱ्या मध्यस्थासारखा. तो गाठ सोडायला मदत करतो, स्वतः खर्च होत नाही. चकचकीत, घोटलेला थर त्या कामाचा नाही, खरखरीत आणि काळा हवा. म्हणजे त्यांना नेमकं तेच हवं होतं ज्याला आम्ही जन्मभर हाकलत आलो होतो.

निकेल आणि तांबं तेजाबात उतरवायला गेलो असतो तर खालचा पत्राही गेला असता, कारण तोही निकेलचाच.

“मी बिघडवलं, मीच करून देतो,” मी म्हणालो.

“दस्तगीरभाई, ह्याला मोठा कारखाना लागतो.”

“बाई, कोल्हापुरात नमुना दावला की काय बी करून मिळतं. विमान अजून झालं न्हाय, ते बी कुनी नमुना आनला न्हाय म्हनून.”

त्या हसल्या नाहीत. “सहा आठवडे आहेत,” एवढंच म्हणाल्या.

जाळीदार पत्रा करायचा तर आधी निकेलची पूड हवी. ती कशी करायची ते प्रत्येक मुलामावाल्याला येतं, पण कोणी कबूल करणार नाही. टाकीत वीज गरजेपेक्षा जास्त सोडली की मुलामा करपतो. काळा, भुसभुशीत होतो आणि बोट लावलं की गळून पडतो. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बेअब्रू. मी आठ दिवस मुद्दाम करपवत बसलो.

तुकारामने काम सोडलं. म्हणजे घरी नाही गेला, दुकानाबाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसला. येणारा-जाणारा विचारायचा, “काय तुकारामनाना, भाईर का?”

“आत काळं करायलंय ते,” तो सांगायचा. “इतकी वरसं चकचकीत केलं. ह्या वयात मला बघवंना.”

पूड घेऊन मी बापूकडे गेलो. बापू माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याची फौंड्री होती आणि आवाज असा की तो उद्यमनगरात हळू बोलला तरी शाहूपुरीत लोक ‘ओ’ द्यायचे.

“काय पावणं? हे काय, नाणी पाडाय लागलास व्हय?”

“दाबून द्यायचं आनि भाजून द्यायचं. इचारू नको.”

“इचारत न्हाय. पर पोलिस आलं तर तुजंच नाव सांगनार.”

त्याच्या हातप्रेसवर पूड पत्र्याच्या मापाच्या साच्यात दाबली. मग लोखंडी डबीत कोळशाच्या भुकटीत पुरून, झाकण लिंपून, भट्टीत लालबुंद होईस्तोवर ठेवली. निघाली ती सुपारीसारखी टणक चकती. बाई रोज संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून परस्पर यायच्या. त्यांची एक परीक्षा होती. चकतीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा. जाळी असेल तर थेंब आत शोषला जाईल. थेंब मोत्यासारखा वर बसून राहायचा. बाई “हं” म्हणायच्या, वहीत काहीतरी लिहायच्या आणि जायच्या. तो ‘हं’ ऐकण्यापेक्षा मी तेजाबाच्या टाकीत बसलो असतो. पूड कमी दाबली तर चकती फुटायची, जास्त दाबली तर मोती. असे पंधरा दिवस गेले.

मी आता हरलोच होतो. दुकानामागेच घर. माझी बायको जैनब चहा घेऊन आली. ती कागलची, कल्हईवाल्याची मुलगी. माझाही बाप कल्हईवालाच. तिने चकतीवरचा थेंब बघितला.

“हे काय?”

“भोकं पडंनात.”

“भोकंच पायजेत न्हवं? मग नवसागर घाला की त्यात.”

“नवसागर?”

“अब्बा कल्हई करताना तापल्या भांड्यावर नवसागर टाकायचे. पांढरा धूर हून उडून जायाचा. मागं काय ऱ्हायाचं न्हाय. तुमच्या ह्या पिठात खडे मिसळा, दाबा, मग भाजा. खडा उडून जाईल, त्येची जागा ऱ्हाईल की.”

चहाचा कप तिने माझ्या हातात दिला आणि रिकामा परत नेला. मधलं चहा पिणं मला आठवत नाही.

पहिल्यांदा मी माझ्या अंदाजाने मिसळलं. भट्टीत डबी ठेवल्यावर जो पांढरा धूर सुटला, त्याने फौंड्रीतले सगळे लोक रस्त्यावर आले. कागलपर्यंत माणसं खोकली असं बापू सांगतो, आणि बापू माझ्यासारखा वाढवून सांगणारा नाही. चकती मात्र हातात घेताच भुगा झाली, कारण भोकंच भोकं आणि निकेल नावाला. मग जैनबने खलबत्ता घेतला, नवसागर रव्याएवढा बारीक केला आणि प्रमाण बदलत गेली. आज एवढी चिमूट, उद्या तेवढी. नवव्या वेळेला बाईंनी थेंब टाकला. पत्रा प्याला. दुसरा टाकला, तोही प्याला. तिसरा थेंब बाईंच्या डोळ्यांतला होता असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे तो नळाचाच होता.

आता वरचा काळा थर राहिला. तो करपायला हवा, पण गळून पडता कामा नये. तेवढी बारीक नजर कोणाला? पायरीवर बसलेल्याला. ज्याने आयुष्यभर करपलेला मुलामा घासून काढला, त्याच्याएवढं करपणं दुसऱ्या कोणाला कळणार? बाई स्वतः पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. तुकाराम आत आला, टाकीवर वाकला आणि म्हणाला, “सोड वीज. अजून. अजून जरा. आता वास बदलला. बंद कर.” टाकीला वास नसतो. पण थर बसला तो बोटाने खरवडला तरी निघेना.

परीक्षक आले ते दिवाळीच्या आधी चार दिवस. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. मी आणि तुकाराम प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून उभे. तुकारामने लग्नातला कोट घातला होता. बाईंनी दोन काचेची भांडी मांडली. एकात आमच्या त्या आरशासारख्या पत्र्यांपैकी एक, तुलनेसाठी. दुसऱ्यात काळा जाळीदार. प्रत्येकावर उलटी धरलेली, खुणा केलेली नळी, निघालेला वायू मोजायला. दोन्हीकडे जोडीला एकेक साधा पत्रा, आणि विजेचा दाब सारखाच ठेवला.

आरशावर चार-दोन बुडबुडे आले, नव्या सुनेसारखे लाजत. काळ्या पत्र्यावर आधी काहीच नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तुकारामकडे बघितलं. तुकारामने छताकडे बघितलं. आणि मग त्या काळ्या अंगातून बारीक बारीक बुडबुड्यांचा असा लोंढा उठला की पाणी दुधासारखं पांढरं झालं. नळी भरायला लागली. परीक्षकांनी घड्याळ काढलं, वहीत आकडे घेतले, वीज कमी करून बघितली, वाढवून बघितली. दुपारपर्यंत एकच प्रयोग सात वेळा. शेवटी नळीच्या तोंडाशी काडी धरली, ‘फट्’ झालं आणि त्यांची भुवई जळाली. दोन्ही जळाल्या असं कॉलेजात म्हणतात. मी उभा होतो तिथून डावीच दिसत होती.

त्यांनी पत्रा चिमट्याने उचलला, उजेडाकडे धरला आणि पुणेरी हळू आवाजात विचारलं, “इतकं गचाळ काम केलंय कोणी?”

आमच्या धंद्यात असा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं असतं. वीज कमी-जास्त झाली, तेजाब भेसळीचं होतं, गिऱ्हाइकाचं लोखंडच वाईट. मी पुढे झालो आणि म्हणालो, “मी केलं साहेब.”

“आणि मीबी,” तुकाराम म्हणाला.

परीक्षक हसले. “उत्तम आहे. आणि ही नवसागराची युक्ती कोणाची?”

तोंड उघडंच होतं. “ती बी माझीच,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाईंचं काम पुढे गेलं. एवढं चांगलं सांगितल्यावर एक वाईटही सांगायला हवं. त्या दिवसांत आम्ही सगळे टाक्यांचं धुवण सरळ गटारात सोडायचो आणि गटार नाल्यात. हिरवं पाणी जाताना छान दिसायचं. बाईंनीच सांगितलं, चुना टाकून निवळू दे, गाळ वेगळा काढ. मी “व्हय बाई” म्हणालो आणि करायला काही वर्षं घेतली. त्या नाल्यात लहानपणी मी मासे बघितले होते. ह्यावर कोणताही थर चढवता येत नाही.

पण बाईंनी दिलेलं पुष्कळ आहे. त्यांच्यामुळे पुढे प्रयोगशाळांची कामं माझ्याकडे आली. एकेक विद्यार्थी कसली कसली चिंधी, कोळसा, जाळी घेऊन यायचा, आणि मी आधी विचारायचो, “भोकं ठेवायची का बुजवायची?” दुकानात चिठ्ठीवर दोन रकाने केले, काय आहे आणि काय करायचं. तुकाराम शेवटपर्यंत काळ्या थराला ‘बाईंचा मुलामा’ म्हणायचा, आणि तो चढवताना कोट घालायचा. माझ्या हाताला चमक आधीपासून होती. चमक नसलेल्या वस्तूकडे दुसऱ्यांदा बघायला मला त्या बाईंनी शिकवलं, तेही माझ्याच चुकीसाठी एक वाकडा शब्द न बोलता.

पुढच्या वर्षी त्यांना पदवी मिळाली. मी बाहेरून आलो तर जैनबने काळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं.

“बाई देऊन गेल्या. आभाराच्या पानावर नाव हाय म्हनं. वाचा की, काय लिवलंय.”

पुस्तक इंग्रजीत. माझं इंग्रजी दुकानाच्या पाटीएवढं. म्हणजे माझं नाव, आणि त्याच्या खालचा फोन नंबर. पण मी पान उघडलं, माझं नाव शोधलं, सापडलं. आणि मग मला प्रयोगशाळेतलं माझं ‘माझीच’ आठवलं. जैनब समोर तांदूळ निवडत बसली होती. मी वाचायला लागलो. आठ ओळींचं मी पाव तास वाचलं. ‘कोल्हापूरचे थोर कारागीर दस्तगीर यांचे उपकार हे शास्त्र विसरणार नाही,’ वगैरे. आणि शेवटी, पानावर नसलेलं माझ्या पदरचं घातलं, ‘तसेच त्यांच्या पत्नी जैनबी, ज्यांनी नवसागर सुचवला, त्यांचेही आभार.’

“बरं,” जैनब म्हणाली, आणि तांदूळ घेऊन आत गेली.

गेल्या उन्हाळ्यात घराला रंग काढला. माझी सून शाळेत इंग्रजी शिकवते. कपाट रिकामं करताना तिला ते पुस्तक सापडलं आणि मी “राहू दे, राहू दे” म्हणत असताना तिने ते पान मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. “श्रीमती जैनबी, ज्यांना नवसागराची कल्पना सुचली आणि ज्यांनी त्याचं प्रमाण ठरवून दिलं, त्यांची मी ऋणी आहे. त्यांचे पती दस्तगीर आणि श्री. तुकाराम यांनी त्याप्रमाणे पत्रे तयार केले.”

मी जैनबकडे बघितलं. ती शांतपणे पडदे घडी करत होती.

“तुला ठाऊक हुतं?”

“बाईनंच वाचून दावलंतं की, पुस्तक द्यायला आल्यात्या तवा. तुमी तेजाब आनाय गेलतासा. त्या आमच्या चुलीपाशी बसूनच तर समदं प्रमान लिवून घ्यायच्या.”

“मग मी वाचत हुतो तवा बोलली का न्हाईस?”

“तुमी माझं नाव घालतासा का न्हाय, ते बघत हुते.”

“घातलं की.”

“घातलं,” ती म्हणाली. “म्हनून तर बोलले न्हाय.”

घातलं होतं, पण माझ्यानंतर. सुनेने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि ओळ बोटाने दाखवली. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपलं नाव तळाशीच असणार अशा नम्रपणाने मी त्या दिवशी ते पान खालून वर वाचत गेलो होतो, आणि माझं नाव सापडलं तिथे थांबलो होतो. जैनबचं नाव एक ओळ वर होतं.